मडक्यांचा संग्रह आणि कुंभाराचा हिशेब

जुनी हातघडणीची मातीची भांडी जमविण्याचा छंद आपल्या सुस्थित वर्गात आता चांगलाच रुजला आहे. महामार्गावरील उपाहारगृहांच्या अंगणात, शहरी बंगल्यांच्या पायऱ्यांवर आणि दिवाणखान्यांच्या कोपऱ्यांत रांजण, परळ, मातीचे बैल आणि घोडे विराजमान झालेले दिसतात. ह्या वस्तू आकाशातून पडत नाहीत. राळेगावसारख्या तालुक्यात माती-कवेलूंचे जुने घर पाडून सिमेंटचे घर उभे राहते, तेव्हा परसातला रांजण अडगळ ठरतो. मग एखादा फिरता व्यापारी क्षुल्लक मोबदला देऊन तो उचलून नेतो आणि शहरात त्याच रांजणाला कलावस्तूचा भाव येतो. ह्या व्यवहारात कायद्याचा भंग नाही, उघड फसवणूकही नाही. तरीही सार्वजनिक काम करणाऱ्यांनी त्याकडे डोळेझाक करू नये, असे आमचे मत आहे. येथे एक मूल्य निर्माण होत आहे, आणि ज्या हातांनी ती वस्तू घडविली त्या हातांपर्यंत त्यातला एक पैसाही पोहोचत नाही.

संग्रह करणे मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. राजेरजवाड्यांचा इतिहास ताम्रपटांत आणि शिलालेखांत सापडतो. कष्टकऱ्यांचा इतिहास पुष्कळदा खापरांतच शोधावा लागतो. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे उत्खनने केली. त्यांतून विदर्भातील शिलावर्तुळे उभारणाऱ्या लोहयुगीन समाजाचे जे चित्र उभे राहिले, त्यात लोखंडी अवजारांइतकेच महत्त्व काळ्या-तांबड्या मडक्यांना आहे. राळेगावला लागूनच असलेल्या बाभुळगाव तालुक्यात, पाचखेड येथे, नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ साली केलेल्या उत्खननातही लोहयुगापासूनच्या वस्तीच्या खुणा हाती आल्या. ह्या मातीत कुंभाराचे काम हजारो वर्षांचे आहे.

व्यक्तींनी केलेल्या संग्रहांचेही ऋण मान्य केले पाहिजे. गोरोबा कुंभारांच्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेताशिवारांत सापडणाऱ्या प्राचीन वस्तू आयुष्यभर जमविल्या. आज तेथे त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी सुमारे १९२० पासून अडकित्ते, दिवे, भांडी असा सामान्य संसारातला ऐवज गोळा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. दोघांनीही जमविलेले स्वतःजवळ ठेवले नाही. ते समाजाचे झाले. दिवाणखान्यातल्या रांजणाची गोष्ट येथेच वेगळी होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्या छंदात एक विलक्षण विसंगती दिसेल. कुंभाराचे पोट मडके फुटण्यावर चालते, तर संग्राहकाचा आनंद ते न फुटण्यावर अवलंबून असतो. मडके दरवर्षी फुटावे, झिजावे, बदलावे लागावे, म्हणूनच कुंभाराचे चाक फिरत राहते. पन्नास वर्षे टिकलेला रांजण हा कुंभाराच्या दृष्टीने एकदाच मिळालेला मोबदला होय. त्याची आजची किंमत श्रमातून आलेली नाही, दुर्मिळतेतून आली आहे. आणि कुंभारवाड्यातली चाके थांबली म्हणून ही दुर्मिळता आली. म्हणजे जितके कुंभार धंदा सोडतील, तितका संग्राहकाचा ऐवज महाग होईल. जमिनीचा मालक काही न करता वाढत्या भाडेपट्ट्यावर जसा श्रीमंत होतो, तसाच हा प्रकार आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती परवान्यावाचून परदेशी नेता येत नाही. वस्तूचे वय मोजणारा कायदा आपल्याकडे आहे. ती घडविणाऱ्याच्या उपजीविकेचे मोजमाप मात्र त्यात नाही.

जुन्या रांजणाची मूळ किंमत काय होती, हा प्रश्न विचारला तर बहुधा उत्तर मिळत नाही, कारण तशी किंमतच नव्हती. कुंभार हा बलुतेदार. गावाला वर्षभर लागणारी मडकी त्याने पुरवावयाची आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरून धान्य घ्यावयाचे, अशी रीत होती. लग्नातल्या ऐरणी, संक्रांतीची सुगडे, नवरात्राचा घट, अक्षय्य तृतीयेची पाण्याची घागर आणि अखेर प्रेतयात्रेतले मडके, असा जन्मापासून मरणापर्यंतचा पुरवठा त्याच्याकडे होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ ग्रंथात ह्या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आले आहे, आणि तिचा गौरव करण्याचा मोह आत्र्यांनी आवरला आहे. तो आपणही आवरला पाहिजे. मडक्यांच्या मागणीचा एक मोठा भाग विटाळाच्या कल्पनेवर उभा होता. धातूचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे मडके शिवले गेले की टाकून द्यावे लागते, ही समजूत कुंभाराला गिऱ्हाईक देत होती आणि दुसऱ्या माणसाला माणूसपण नाकारत होती. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, ह्याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या भाषणात केला आहे. जुन्या मडक्याकडे पाहून ज्यांना केवळ ‘गावाकडची साधी सुंदर संस्कृती’ आठवते, त्यांनी हे मडकेही आठवावे.

ही व्यवस्था मोडली ती कोणाच्या सुधारणेच्या आग्रहामुळे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडची काळी जमीन कापसाच्या जागतिक बाजाराला जोडली गेली. खळ्यावरच्या धान्याची जागा हळूहळू रोख पैशाने घेतली. पैसा आल्यावर गिऱ्हाईक पितळेकडे, ॲल्युमिनियमकडे, स्टीलकडे आणि शेवटी प्लास्टिककडे वळले. त्यात गैर काही नाही. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईला हलका हंडा हवा असणे स्वाभाविकच आहे. प्रश्न असा की बलुते गेले त्याच्या बदल्यात कुंभाराला काय मिळाले? शेतकऱ्याजवळ निदान जमीन राहिली. कुंभाराजवळ चाक, थापटणे आणि कौशल्य एवढेच उरले, आणि माती परक्याची झाली.

मातीचा हा प्रश्न बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. कपाशीला मानवणारी काळी माती मडक्याला तशीच्या तशी चालत नाही. ती पाण्याने फुगते, सुकताना आकसते आणि मडके तडकते. म्हणून तळ्यातला किंवा नदीकाठचा गाळ शोधावा लागतो, त्यात राख, लीद, बारीक रेती यांचे प्रमाण साधावे लागते. माती चाळणे, मळणे, भांड्यांना रंगाचा हात देणे आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करीत आल्या, पण चाकाला हात लावावयाचा नाही ही रूढी त्यांच्याच वाट्याला आली. उघड्या आव्यात धगीचा अंदाज केवळ डोळ्यांनी घ्यावा लागतो. हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहामुळे भांडे तांबडे होते, धूर कोंडला तर काळे. अंगातल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपून वाऱ्यावर उडते, म्हणून माठातले पाणी गार राहते. एवढे शास्त्र ज्याच्या बोटांत आहे, त्या कारागिराचे नाव आपल्या संग्रहांतील चिठ्ठीवर नसते. तेथे फक्त ‘लोककला’ असे लिहिलेले असते. चित्राखाली चित्रकाराची सही शोधणारा समाज मडक्याच्या बाबतीत कर्ता कोण, हे विचारीतसुद्धा नाही.

ह्या प्रश्नाला वेगळे उत्तर देण्याचा प्रयत्न राळेगावपासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात झाला होता. १९३४ च्या डिसेंबरात तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. गावातल्या कारागिराने आज काय करावे, कोणत्या अवजाराने त्याचे कष्ट कमी होतील आणि उत्पन्न वाढेल, हे दाखविणे हा त्या संग्रहालयाचा हेतू होता. सेवाग्रामला नई तालीममध्ये देवीप्रसाद ह्यांनी मुलांच्या हाती माती दिली. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघातून कुंभारकामाला नवे तंत्र देण्याची खटपट केली. ग्रामोद्योगाचा विचार आम्हाला सर्वस्वी मान्य आहे असे नाही. यंत्राविषयीचा आणि भांडवलाच्या मालकीविषयीचा आमचा मतभेद जुना आहे. परंतु संग्रह कारागिराच्या उपयोगी पडला पाहिजे ही कुमारप्पांच्या पिढीची दृष्टी आजच्या संग्राहकांपेक्षा कितीतरी प्रगत होती, हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल.

शासनाने काहीच केले नाही, असेही म्हणता येणार नाही. २००४ साली रेल्वे स्थानकांवर चहासाठी मातीची कुल्हडे आणण्याची घोषणा झाली. पुढे कागदाच्या आणि प्लास्टिकच्या पेल्यांपुढे ती मागे पडली. २०१८ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने विजेवर चालणारी चाके वाटली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभाराचा समावेश आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. चाकाने कष्ट वाचतात, ह्यात शंका नाही. परंतु चाक वाढले म्हणून माती वाढत नाही, सरपण स्वस्त होत नाही आणि आवा लावावयास जागा मिळत नाही. ज्याचे गिऱ्हाईक उन्हाळ्याचे दोन-तीन महिने आणि चार सणांपुरतेच आहे, त्याला कर्ज देणे म्हणजे पुष्कळदा त्याच्या अडचणीला हप्त्याची जोड देणे होय.

म्हणून राळेगाव तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढे आम्ही एक छोटा पण निश्चित कार्यक्रम ठेवतो. जुनी भांडी तालुक्याबाहेर जाण्याआधी ती सार्वजनिक ग्रंथालयात किंवा शाळेत जमा व्हावीत. घेताना घरमालकाला योग्य मोबदला द्यावा. प्रत्येक वस्तूची नोंद करावी: ती कोणत्या गावची, कोणी घडविली, माती कोठली, त्या वेळी मोबदला धान्यात मिळे की पैशात, आणि त्या घराण्यातले आज कोण काय करते. वयोवृद्ध कुंभार स्त्री-पुरुषांकडूनच ही माहिती मिळेल आणि आणखी काही वर्षांनी ती मिळणार नाही. एक जुने भांडे जमा झाले की त्याच प्रकारचे एक नवे भांडे हयात कारागिराकडून पूर्ण दाम देऊन घडवून घ्यावे. संग्रहाच्या समितीत कुंभारांना, आणि त्यांतही स्त्रियांना, निम्म्या जागा असाव्यात.

ह्या नोंदींचा खरा उपयोग संग्रहालयाबाहेर आहे. गावागावांतून अशी वही तयार झाली की कोणत्या तळ्यातून माती मिळत होती आणि ती वाट केव्हा, कोणी बंद केली, हे कागदावर येईल. मग ग्रामसभेपुढे, नगरपंचायतीपुढे आणि तहसीलदारापुढे मागणी करता येईल ती भावनेच्या नव्हे, पुराव्याच्या बळावर: गाळ काढण्याच्या कामातली योग्य माती प्रथम कुंभारांना द्या, आव्यासाठी सामायिक जागा राखून ठेवा, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांतील पाण्याचे माठ स्थानिक कारागिरांकडूनच घ्या. ह्या मागण्या फार मोठ्या नाहीत. त्या आजवर झाल्या नाहीत, कारण कुंभारांची घरे गावात दोन-चारच असतात आणि दोन-चार मतांसाठी कोणी मोर्चा काढीत नाही.

संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते भाजलेले हे गोरोबांनी पारखले, अशी कथा महाराष्ट्र पिढ्यान् पिढ्या सांगत आला आहे. त्या थापटण्याखाली आज आपल्या कलाप्रेमाने बसावयास हवे. एखाद्याच्या घरी सुंदर रांजण दिसला तर त्याची स्तुती अवश्य करावी, पण त्याबरोबर तो कोणी घडविला आणि त्याची मुले आज कोठे मजुरीला जातात, हेही विचारावे. उत्तर येत नसेल, तर ते शोधून आणण्याचे काम आपले आहे.