कॉफीची बोली आणि आमचा धंदा

कबनूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात माग चालतात आणि चहा चालतो. कॉफीला कोणी विचारीत नाही. तरीही पन्नाशी उलटल्यावर आम्हांला कॉफीचा शौक लागला, आणि पिण्यापेक्षा तिच्या बोलीचा जास्त. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. त्यात आमचे पैसे गेले आहेत, म्हणून.

बेंगळुरूला वसुलीसाठी गेलो असता एका दुकानातून किलोभर पावडर घेतली. "कडक द्या," एवढेच आम्ही म्हणालो. घरी काळेकुट्ट, जळकट पाणी तयार झाले. पाकीट नीट पाहिले तेव्हा बारीक अक्षरांत चिकोरी ४० टक्के! चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्याने रंग आणि दाटपणा येतो. अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले हवे, असा कायदा आहे. म्हणजे दुकानदाराने फसवले नव्हते. आम्ही कडक मागितले, त्याने कडक दिले. आमच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

मग विचारपूस सुरू केली. 'प्लँटेशन' म्हणजे मळ्यातली कॉफी, अशी आमची समजूत होती. मळ्यातली तर सगळीच असते! बाजारात प्लँटेशन म्हणजे फळाचा गर काढून, बी धुऊन वाळवलेली अरेबिका. अख्खे फळ वाळवले तर ती 'चेरी'. रोबस्टा धुतली तर तिला 'पार्चमेंट' म्हणतात. 'पीबी' म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोल दाणा भरतो तो. 'ॲसिडिटी' या शब्दाने तर आम्ही घाबरलोच. आपल्या घरी ती छातीत जळजळते, तिकडे ती कॉफीची तारीफ असते. मान्सून्ड मलबारची गोष्ट त्याहून नवलाची. कच्चे दाणे पावसाळ्यात समुद्रकाठच्या उघड्या वखारीत दमट वाऱ्यावर ठेवतात. ते फुगतात, फिकट होतात आणि त्याच गुणावर विकले जातात. आमच्या गोदामात ओल लागलेला तागा डागी ठरतो!

काही शब्द तर आपल्या ओळखीचेच निघाले. अरबी 'कहवा' तुर्कस्तानातून युरोपात गेला आणि 'कॉफी' होऊन परत आला. हॉटेलात 'मोका' मागितला की चॉकलेट घातलेली कॉफी येते. खरे मोखा हे यमनचे बंदर. तिथूनच हजहून परतताना बाबा बुदन यांनी सात बिया चिकमगळूरच्या डोंगरावर आणल्या, अशी आख्यायिका आहे. उर्दू शाळेत आम्ही 'कहवा' वाचला होता, पण कॉफीशी त्याचे नाते कोणी सांगितले नव्हते.

आता आपल्या धंद्याकडे पाहा. एका गिऱ्हाइकाने फोनवर 'जड कापड' मागितले. आमच्या नव्या पोराने २० काउंटच्या जाड सुताचा माल पाठवला. पार्टीला सूत ४० चेच, पण पीक जास्त हवे होते. माल परत आला, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले. काउंटचा आकडा वाढला की सूत बारीक होते, हेच त्या पोराला ठाऊक नव्हते, आणि विचारायला तो लाजला. आमच्या मते ही लाजच महाग पडते. आम्हीही उर्दू शाळेतून थेट बाजारात आलो. भीम, धोटा, फणी, पन्ना हे शब्द मागवाल्यांना विचारून विचारूनच शिकलो. त्या पोराला आम्ही एक वही दिली आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडचा नवा शब्द ऐकला की तो त्यात लिहितो आणि संध्याकाळी अर्थ विचारतो.

गेल्या खेपेस त्याच बेंगळुरूच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "प्लँटेशन पीबी, चिकोरी नको, दळण मध्यम." दुकानदाराने समोरचा डबा बाजूला सारला, मागचे पोते उघडले आणि भाव सांगण्याआधी दाणे आमच्या तळहातावर ठेवले.