कापसाचे पैसे आणि गिटारचा आवाज

बेला मंडलातील एका तरुण वाचकाने आम्हांस चार पानी पत्र पाठवून सल्ला विचारला आहे. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवितो. लग्नसराईत एका लहान ऑर्केस्ट्राबरोबर आदिलाबाद, निर्मल, किनवट, पांढरकवडा असा हिंडतो आणि रविवारी चर्चमध्ये गायकवृंदाला साथ करतो. आजवर मंडपवाल्याच्या यंत्रात गिटारची वायर खुपसून त्याने काम भागविले. यंदा वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून काही रक्कम बाजूला काढून त्याच्या हाती ठेवली आहे व बजावले आहे की, घ्यायचे ते एकदाच घे, पुन्हा मागू नकोस. त्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर हवा आहे. आवाज स्वच्छ हवा, पण कोरडा नको, त्यात ऊब हवी. मोटारसायकलवर मागे बांधून नेता यावा. आणि हाती असलेल्या रकमेत बसावा.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. पण पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या सोयरिकी काही तुटल्या नाहीत. वऱ्हाड आजही नदी ओलांडून येते-जाते, आणि वऱ्हाडामागे वाजविणारेही. तेव्हा असा प्रश्न पडलेला हा एकटाच तरुण नसावा. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो: बारा इंची स्पीकर असलेला, चाळीस-पन्नास वॉटचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा साधा ॲम्प्लिफायर घ्यावा, वाल्व्हच्या मोहात पडू नये, आणि खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यालाही भुलू नये.

प्रथम मंडपवाल्याच्या यंत्राविषयी. ते यंत्र वाईट नव्हे. ते माणसाच्या भाषणासाठी बांधलेले आहे, एवढेच. गिटारच्या चुंबकी पिकअपमधून येणारी लहर फार नाजूक असते. तिला सुमारे दहा लाख ओहमचा प्रवेशमार्ग लागतो. माइकचा मार्ग काही हजार ओहमचा असतो, त्यामुळे तेथे शिरतानाच सुराचे तेज निम्मे मावळते. उलट गिटारसाठी बनविलेला स्पीकर सुमारे पाच हजार कंपनांच्या पुढचा आवाज झपाट्याने गाळून टाकतो, म्हणून तारेची करकर कानी पडत नाही. मंडपातला भोंगा ती करकर इमानाने गावभर पोहोचवितो. एकीकडे सूर मंद झालेला आणि दुसरीकडे वरची खरखर तशीच राहिलेली. असा दुहेरी तोटा आमचा हा मित्र इतकी वर्षे सोशीत आला आहे. (ज्यांच्याकडे लाकडी पोकळीची, आत पिझो पिकअप बसविलेली गिटार आहे त्यांची गोष्ट निराळी. त्यांस योग्य जोडणी केलेले मंडपातले यंत्रच बरे. त्यांनी हा खर्च करू नये.)

आता स्वच्छ आवाज म्हणजे काय ते पाहू. ॲम्प्लिफायर पिकअपची क्षीण लहर मोठी करतो. जोवर तिचा आकार कायम राहतो तोवर सूर स्वच्छ. यंत्राची ताकद संपली की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि सूर फाटतो. रॉक संगीत वाजविणारे हा फाटलेपणा मुद्दाम मागून घेतात. तो त्यांस लखलाभ होवो. लग्नाच्या मांडवात जुनी चित्रपटगीते आणि चर्चमध्ये गीतांची साथ, ह्या दोन्ही ठिकाणी सूर फाटता कामा नये. तो न फाटण्यासाठी यंत्रात वाजविण्यापेक्षा जास्त ताकद शिल्लक असावी लागते. घागर काठोकाठ भरून चालले की पाणी हिंदकळतेच; चार बोटे रिकामी ठेवावी लागतात, तसेच हे.

ऊब ही वेगळी गोष्ट आहे. ती मधल्या आणि खालच्या-मधल्या सुरांच्या भरीवपणातून येते आणि वरच्या कर्कश कंपनांना लगाम बसल्याने येते. तिच्यात स्पीकरचा आणि पेटीचा वाटा पुष्कळ मोठा. सहा इंची स्पीकरच्या छोट्या डब्यातून, बटणे कितीही फिरविली तरी, ती ऊब मोठ्या आवाजात निघत नाही. म्हणून आम्ही बारा इंचांवर जोर देतो. दहा इंची चालेल, त्याखाली उतरू नये.

वॉटच्या आकड्याने तर भलेभले फसतात. शंभर वॉटचा आवाज पन्नास वॉटच्या दुप्पट येतो असे नाही. फरक अवघा तीन डेसिबलचा, कानाला सहज कळेल पण डोळे विस्फारणार नाहीत इतकाच. ऐकणाऱ्यास आवाज दुप्पट वाटावा, तर ताकद सुमारे दहापट लागते. उलट स्पीकर किती कार्यक्षम आहे ह्याकडे कोणी पाहत नाही. सारखीच वीज दिली असता एक स्पीकर ९७ डेसिबल आवाज देत असेल आणि दुसरा १०० देत असेल, तर दुसरा घेणे म्हणजे वॉट दुप्पट करण्यासारखेच आहे. शिवाय हजार माणसांच्या मांडवाला पुरेल एवढा आवाज गिटारच्या ॲम्प्लिफायरने द्यावा हे मुळात त्याचे कामच नव्हे. त्याने वाजविणाऱ्यांस आणि ढोलकीवाल्यास ऐकू यावे. पुढे त्याच्यासमोर साधा डायनॅमिक माइक धरून तो सूर मंडपाच्या यंत्राकडे सोपवावा. माइक स्पीकरच्या अगदी मध्यावर रोखला तर आवाज टोकदार येतो. मध्यापासून कडेकडे सरकविला की तो मऊ होत जातो. ही युक्ती फुकट आहे आणि दुकानातल्या कुठल्याही बटणापेक्षा अधिक गुणकारी.

वाल्व्हच्या यंत्रांचा आवाज गोड असतो हे आम्ही नाकारीत नाही. लिओ फेंडर ह्या गृहस्थांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान घातले आणि पुढे तेथूनच गिटारच्या ॲम्प्लिफायरांचा एक मोठा कारखाना उभा राहिला. स्वतः त्यांस गिटार वाजविता येत नसे, पण वाजविणाऱ्यांचे ते मन लावून ऐकत. त्यांचा १९६३ सालचा ट्विन रिव्हर्ब आजही स्वच्छ सुराचा मापदंड मानतात. आपल्याकडे व्हॅन शिप्ले ह्यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून ध्वनिमुद्रिकांद्वारे घरोघर नेल्या; वडीलधाऱ्या वाचकांच्या कानांत तो सूर अजून असेल. परंतु ट्विन रिव्हर्बचे वजन सुमारे २९ किलो. तो मोटारसायकलवर बांधून निर्मलचा घाट उतरण्याची कल्पनाच आम्हांस करवत नाही. त्याच घराण्यातला ब्लूज ज्युनिअर हलका आहे, त्याला बारा इंची स्पीकरही आहे; पण वॉट पंधराच. खोलीत तो मधासारखा वाजतो, आणि शेजारी ड्रमसेट किंवा ढोलकी जोरात सुरू झाली की स्वच्छ राहून त्यांच्या बरोबरीला येणे त्याला जड जाते. त्याची किंमत साध्या मोटारसायकलीच्या घरात जाते. वाल्व्ह झिजतात, बदलावे लागतात, आणि ते बदलून नीट जुळवून देणारा कारागीर आपल्या तालुक्याच्या गावी शोधून सापडणे कठीण. आत चारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही काही काळ तो साठून राहतो. रेडिओ उघडतो तसे उघडून पाहण्याचे हे यंत्र नव्हे.

ज्यांचे नातलग अमेरिकेत आहेत त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडून हौसेने आणलेले यंत्र येथे थेट जोडले तर पहिल्याच क्षणी जळते. मागील बाजूस कोणता आकडा छापला आहे तो वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

ट्रान्झिस्टरचा आवाज पत्र्यासारखा येतो, अशी समजूत आहे. स्वस्तातल्या जुन्या यंत्रांविषयी ती खरीही होती. पण १९७५ साली जपानच्या रोलँड कंपनीने जेसी-१२० हा यंत्रप्रकार काढला. त्यात एकही वाल्व्ह नाही, आणि स्वच्छ सुरासाठी जगभरच्या रंगमंचांवर तो तेव्हापासून मान मिळवून आहे. तोही जड आणि महाग, म्हणून आपल्या उपयोगाचा नाही. पण वाल्व्हवाचून निर्मळ सूर निघतो ह्याचा तो पुरावा आहे. आमच्या मित्राच्या ऐपतीत बसतील अशी दोन नावे आम्ही सुचवितो. एक फेंडरचा चॅम्पियन ४०, आणि दुसरा बॉसचा कटाना ५०, जो २०१६ साली प्रथम निघाला. दोहोंस बारा इंची स्पीकर आहे. कटानाची ताकद कमी-जास्त करण्याचे बटण असल्याने घरी रात्री हळू वाजविता येते, हे शेजाऱ्यांवर उपकारच. त्यांत नाना प्रकारचे चमत्कारिक आवाज भरलेले असतात. त्यांतला स्वच्छ आवाज निवडावा, किंचित प्रतिध्वनी द्यावा आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवावी. चॅम्पियन ४० वापरलेलाही चालेल. नागपूर किंवा हैदराबाद येथे असा माल मिळतो, आणि सांभाळून वापरलेला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर वर्षानुवर्षे टिकतो. ज्या गावी वीज वारंवार जाते तेथील रस्त्यावरच्या किंवा प्रार्थनेच्या छोट्या कार्यक्रमांसाठी बॅटरीवर चालणारा रोलँडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स आहे. आठ साध्या सेलवर तो पन्नास वॉट देतो. मात्र ढोलकी-ड्रमसमवेत बारा इंचांचा भरीवपणा त्यात शोधू नये.

दुकानात जाल तेव्हा गिटार आपली स्वतःची न्यावी. दुकानदाराची महागडी गिटार कुठल्याही यंत्रातून बरीच वाजते. सर्व बटणे मध्यावर ठेवावीत आणि आवाज मांडवात वाजवाल तितका मोठा करावा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल, पैसे तुमचे आहेत. मग सहाही तारांचा भरगच्च कॉर्ड जोराने छेडून तो विरेपर्यंत ऐकावा. कडा फाटतात का? नंतर जाड तार एकटीच वाजवावी. स्पीकर खरखरला तर त्याचा कागद दुखावलेला आहे. शेवटी हात तारांवरून काढून नुसती शांतता ऐकावी. गुणगुण किती आहे ते तेव्हाच कळते. वापरलेला असेल तर प्रत्येक बटण फिरवून पाहावे आणि वायर जोडतो ती जागा हलवून पाहावी.

येथे एक फसगत नेहमी होते. दुकानात एकट्याने, हळू आवाजात वाजविताना खर्ज आणि तार दोन्ही वाढविलेला सूर फार श्रीमंत वाटतो. तोच सूर मांडवात नेला की खर्ज कीबोर्डच्या आणि ढोलकीच्या डग्गीत बुडतो, तार झांजांत हरवते, आणि गिटार वाजते आहे की नाही हेच कळत नाही. गिटारची जागा मधल्या सुरांत आहे. खर्ज थोडा उतरवून मध्य थोडा चढवावा. एकट्याने ऐकताना तो जरा बसका वाटेल, पण मेळ्यात तोच उबदार लागतो. ज्याला हे उमगले त्याचे अर्धे पैसे वाचले, असे आम्हांस वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे पत्र बाजूस न ठेवता येथे घेतले, ती. १९७२ साली इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये, स्वान्सी येथे, लेस्ली हार्वी नावाचा गिटारवादक भर कार्यक्रमात नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने रंगमंचावर कोसळून मेला. तो पंचविशीच्या आतबाहेरचा होता. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि माइकचे यंत्र दुसऱ्या बोर्डावर असेल आणि एकाचे अर्थिंग तुटलेले असेल, तर तारांवर बोटे आणि ओठ माइकला, अशा स्थितीत वीज माणसाच्या छातीतून वाट काढते. आपल्या मांडवांत काय चालते ते सर्वांनी पाहिले आहे: तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत बसावा म्हणून जाड पिन मोडून टाकायची, उघड्या वायरी आगपेटीच्या काडीने छिद्रात दाबायच्या, जनरेटरच्या अर्थिंगचा तर पत्ताच नाही. खाली ओल असेल तर बोलायलाच नको.

म्हणून आमच्या ह्या मित्रास सांगणे असे की, जाड पिन कधीही मोडू नये. गिटार आणि माइक ह्या दोहोंस एकाच बोर्डावरून वीज घ्यावी. तीस मिलीॲम्पिअरला वीज तोडणारे आरसीसीबी बसविलेला स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड एखाद्या परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यावा आणि तो प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर न्यावा. वाजविण्याआधी टेस्टरचे टोक माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारेला लावून पाहावे. दिवा मिणमिणला तर कार्यक्रम थांबवावा, मग मुहूर्त टळला म्हणून यजमान कितीही संतापोत. जनरेटरवर वाजविताना स्टॅबिलायझरही असावा, कारण मांडवातले मोठे दिवे एकदम बंद झाले की विजेचा दाब उसळतो.

हा सारा सरंजाम ॲम्प्लिफायरच्या किमतीतच धरावा. त्यासाठी यंत्र एक पायरी खालचे घ्यावे लागले तर घ्यावे. फायनान्सवाल्याकडून हप्त्याने वरचे घेऊ नये, कारण पावसाळ्यात मुहूर्त नसतात आणि हप्ते असतात. ॲम्प्लिफायरला जाड कापडाची खोळ शिवून घ्यावी. आदिलाबादच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि कापसाची धूळ कुठेही शिरते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवू नये. उन्हाळी मुहूर्त सुरू होण्यापूर्वी गिटार घेऊन एकदा नागपूरची फेरी करावी. महामार्ग ४४ ने सकाळी निघाले तर दुपारभर ऐकून पाहायला वेळ मिळतो. जमल्यास वडिलांनाही बरोबर न्यावे.