मशीन म्हातारं नाही झालं!

मंडळी, स्पष्टच बोलतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. तेव्हापासून जो तो सांगतोय, "जुनं काढा, नवं घ्या." केळीचे पैसे काय झाडाला लागतात का? चालतं मशीन भंगारात कशाला? ४ जीबी रॅमवर हलकं लिनक्स मस्त चालतं. परवाना फुकट, चोरीची कॉपी टाकायची गरजच नाही. टॅलीवाल्यांनी विंडोज खुशाल ठेवावं, पण पोरांच्या अभ्यासाला लिनक्स पुरून उरतं.

"अवघड असतं ना भाऊ?" केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं त्यावरच शिकतात. आपली काय कमी डोक्याची आहेत? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत, तेही फुकट. कमी आहे ती शेजारी बसून शिकवणाऱ्याची.

वाढदिवसाच्या बॅनरला वर्गणी निघते, मग मुक्ताईनगरात रविवारी दोन तासांसाठी एक खोली अन् चार जुनी मशीनं निघत नाहीत? पुण्यात आयटीत असलेल्या पोरांनो, यात्रेला गावी येताच ना? एक दिवस जास्त थांबा, शिकवा. ज्ञानदेवांना दार उघडायला लावणाऱ्या मुक्ताईचं गाव आहे हे. इथं शिकण्याला कुलूप शोभत नाही.

बोला, खोली कोण देतं?