थोडक्यात निभावलेलंही कळू द्या

जांभूळहून बदलापूरकडे जा, अंबरनाथकडे जा की उल्हासनगरकडे. टेकूंवर उभा असलेला ओला स्लॅब दिसतोच. यातल्या बहुतेक साइटवर माणसं वीस-पंचवीस. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने सुरक्षा अधिकारी सांगितला तो 500 कामगारांना, नव्या कामगार सुरक्षा संहितेने 250 ला. म्हणजे इथली सुरक्षा मुकादमाला ठाऊक असेल तेवढीच.

स्लॅबचंच घ्या. आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14. सहा मीटरवरच्या तुळईचे 21. हे दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटचे. फ्लायॲश असलेलं पीपीसी ताकद सावकाश धरतं, तिथे ते वाढवावे लागतात. इंजिनिअरला हे पाठ असतं. पण प्लेटा वरच्या मजल्यावर न्यायची घाई असलेल्या सेंट्रिंगवाल्याला ते कुणी सांगितलेलं असतं का?

सांगायला खर्च नाही. काँक्रीट झालं की भरल्याची तारीख, सिमेंटचा प्रकार आणि 'याआधी टेकू काढू नये' ती तारीख रंगाने कॉलमवर लिहा. फोटो साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि सोबत मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवा, टोळीच्या भाषेत: हिंदीत, बंगालीत. वाचता न येणाऱ्यालाही तो ऐकता येतो. ऐकायचा मात्र खाली, कामावर चढण्याआधी. परांचीवर फोन नको.

31 जुलै 2023 च्या मध्यरात्री शहापूरजवळ सरळांबे इथे समृद्धी महामार्गावरचा गर्डर लाँचर कोसळून 20 जण गेले. 10 सप्टेंबरला ठाण्यात बाळकुमला इमारतीच्या कामाची लिफ्ट पडली, 7 कामगार गेले. दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. आकडे त्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर आले. लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी काय तपासायचं, ते किती जणांच्या मोबाइलवर आलं?

जेवणाच्या सुट्टीत खचलेली चर, सुटता सुटता राहिलेला दोर, यांची तर बातमीही होत नाही. ठेकेदाराला बिल अडकायची भीती, सुपरवायझरला नोकरीची. ती खरी आहे, म्हणून नाव न घेता सांगायची सोय हवी. ब्रिटनमध्ये 2005 पासून 'क्रॉस' ही व्यवस्था तेच करते: इंजिनिअर गोपनीय कळवतात, तज्ज्ञांच्या टिपणीसह ते सगळ्यांसाठी छापलं जातं.

पुढच्या अंकापासून या मासिकाचं एक पान त्यासाठी राखलं आहे. फोटो पाठवा, आवाजी निरोप पाठवा, मोडक्यातोडक्या मराठीत पाठवा. काय घडलं, कशामुळे आणि नंतर काय बदललंत, एवढंच कळवा. नाव, साइट, ठेकेदार यांतलं काहीही छापणार नाही.