आधी पाचवं चाक, मग उरलेली चार

गेल्या रविवारी सकाळी ताम्हिणीच्या रस्त्यावर चहाला थांबलो होतो. शेजारी एक गाडी येऊन उभी राहिली. चारही चाकं भली दांडगी, दोन इंच लिफ्ट, पुढे विंच, सगळा सरंजाम. आणि मागच्या दारावर? कंपनीतून आलेली मूळ स्टेपनी. लग्नाच्या फोटोत चार धिप्पाड भावांच्या मागे उभ्या केलेल्या धाकट्यासारखी बिचारी. मालक तिशीतला, आपल्यातलाच. न राहवून विचारलं, "पाचवा टायर नाही घेतला?" तो हसला. "स्टेपनीकडे कोण बघतंय, सर!"

हे वाक्य फार डोक्यात गेलं. कारण काही वर्षांपूर्वी टायरच्या दुकानात जवळजवळ हेच वाक्य मी स्वतः बोललो होतो. त्यामुळे आज जरा तावातावाने लिहिणार आहे. सांभाळून घ्या.

माझं म्हणणं एवढंच: पाचव्या चाकाची आणि ते धरून ठेवणाऱ्या दाराची सोय होत नसेल, तर पहिल्या चार चाकांना हात लावू नका. थार असो, जिम्नी असो, गुरखा असो, मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या प्रत्येक गाडीला हे लागू आहे. आपण सगळे उलटं करतो. आधी चार घेतो, ईएमआयचा हिशेब बसवतो, आणि पाचव्याचं "बघू पुढे". ते पुढे म्हणजे नेमकं चिखलात येतं.

आता माझी चूक क्रमांक एक.

माझ्या गाडीला मूळ टायर होते २५५/६५ आर १८. मी बसवले २८५/६५ आर १८, नव्या रिमसकट. जुने चार दुकानदाराला देऊन टाकले, पाचवा दारावर तसाच ठेवला. पैसे वाचले म्हणून खूश. साधा गुणाकार करायचीही तसदी घेतली नाही, आणि पोटापाण्यासाठी मी प्रोग्रॅमर आहे!

तो गुणाकार असा. २५५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिचे ६५ टक्के म्हणजे साइडवॉलची उंची, साधारण १६६. वर आणि खाली मिळून ३३२. मधली रिम १८ इंच म्हणजे ४५७. एकूण व्यास ७८९ मि.मी. तोच हिशेब २८५ साठी केला की येतात ८२८ मि.मी. फरक ३९ मि.मी., म्हणजे जवळपास पाच टक्के. "हॅ, चार सेंटिमीटर तर आहेत" असं वाटतं ना? आता एक किलोमीटर चालवून बघा. मोठं चाक ३८५ फेरे घेतं, छोटं ४०४. दर किलोमीटरला १९ फेऱ्यांचा फरक. (हे कागदावरचे आकडे. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होईल, पण गोष्ट तीच.)

साध्या रस्त्यावर, टू-व्हील ड्राइव्हमध्ये, हा फरक डिफरन्शियल पोटात घेतं. पण ते असतं वळणांसाठी. सरळ रस्त्यावर अखंड तेच काम करत राहावं म्हणून कोणी बनवलेलं नाही. खरी मजा फोर-बाय-फोर टाकल्यावर. या जातीच्या गाड्यांत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना थेट जखडले जातात, मध्ये तिसरं डिफरन्शियल नसतं. पुढे एक छोटं आणि एक मोठं चाक असलं, तर पुढच्या अ‍ॅक्सलला दर किलोमीटरला सरासरी साडेनऊ फेरे जास्त हवेत. मागचा अ‍ॅक्सल म्हणतो, माझ्याबरोबरच फिर. चिखलात चाक घसरतं आणि भांडण मिटतं. कोरड्या काँक्रीटवर घसरायला जागा नसते. मग पीळ बसतो तो शाफ्टला आणि गिअरना.

एका पावसाळ्यात केळदच्या बाजूला हे सगळं प्रात्यक्षिकासह शिकलो. चिखलासाठी टायरची हवा कमी केली होती. हवा कमी केली की साइडवॉल बाहेर फुगते, आणि आपल्या सह्याद्रीतला काळा दगड अशा वेळी सुरीसारखं काम करतो. पुढच्या डाव्या टायरला बोटभर चीर पडली. स्टेपनी चढवली. चिखलातून निघायला फोर-बाय-फोर लागलंच. निघालो, आणि पुढे नवा काँक्रीटचा रस्ता लागला. लिव्हर परत टू-व्हीलवर घ्यायला गेलो तर ढिम्म हलेना. पाऊस, अंधार, मागच्या सीटवर आई-बाबा. बाबा दर पाच मिनिटांनी, "अरे, एवढी महाग गाडी ना ही?" शेवटी थोडी रिव्हर्स घेतली, एका बाजूची चाकं कडेच्या मातीत उतरवली, तेव्हा पीळ सुटला आणि लिव्हर आला. गाडीचा काही दोष नव्हता. दोष माझ्या पाचव्या चाकाचा होता, म्हणजे माझाच.

ऑफिसमध्ये आपण ज्युनिअर पोरांना ऐकवतो की रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअपच नव्हे. प्रॉडक्शनचं व्हर्जन वाढवलं आणि बॅकअप जुन्या व्हर्जनचा ठेवला, तर आपणच त्याला मीटिंगमध्ये सोलून काढू. आणि शनिवारी तेच शहाणे पाच टक्के चुकीचा बॅकअप दाराला लटकवून घाटात जातात!

चूक क्रमांक दोन जास्त गंभीर आहे. कारण ती 'शहाणा' झाल्यावर केलेली आहे.

घरी आल्यावर मी मुकाट पाचवा टायर घेतला, तसाच मोठा, आणि मूळच्याच कंसावर, मूळच्याच दारावर ठोकला. दिसायला काय भारी दिसायचं! सहा-सात महिन्यांनी दार लावताना जरा उचलून धरावं लागायला लागलं. मग खडखड सुरू झाली. मला वाटलं रबर गेलं असेल. शेवटी डेंटिंगवाल्याकडे नेलं. त्याने वरच्या बिजागरीवर बॅटरी मारली आणि म्हणाला, "साहेब, दार नाही लटकलं. पत्रा फाटतोय." रंगात केसाएवढी रेघ होती. मी ती रोज बघत होतो आणि ओरखडा समजत होतो.

पुन्हा साधा हिशेब. समजा मूळ चाक २८ किलोचं आणि नवं ४० किलोचं. समजा बिजागरीपासून चाकाचा मध्य ६५ सेंटिमीटरवर आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ४० सेंटिमीटर. मग नुसत्या चाकामुळे वरच्या बिजागरीवर बाहेरच्या दिशेने ओढ येते ती आधी ४५ किलोची, आता ६५ किलोची. दाराचं स्वतःचं वजन वेगळंच. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात दणका बसला की हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो, आणि आपल्या रस्त्यांवर असे दणके दिवसाला किती, हे मी सांगायला नको. पत्रा एका दणक्यात जात नाही. तो हजारो दणक्यांनी थकतो. त्यात टायर रुंद असला की तो दारापासून आणखी बाहेर सरकवावा लागतो, म्हणजे कंस दारातून उपटायचा प्रयत्न चोवीस तास चालूच. 

मला भीती दार पडण्याची नाही वाटली. मला आठवला तो सकाळचा चांदणी चौक. ट्रॅफिकमध्ये माझ्या मागे चार हातांवर कायम कोणीतरी स्कूटरवर असतं. बऱ्याचदा पुढे उभं राहिलेलं एक पोर, पाठीवर दप्तर. ४० किलोचं चाक सुटलं, तर ते माझ्यावर पडणार नाही. त्यांच्यावर पडेल. माझ्या हौसेची किंमत दुसऱ्याने का मोजायची?

जे लोक या गाड्या बनवतात ते काय करतात बघा. १९४५ साली विलीजने लष्करी जीपची नागरी आवृत्ती काढली, सीजे-२ए. लष्करी जीपची मागची बाजू बंद होती, म्हणून स्टेपनी तिथे ठोकलेली असायची. नागरी जीपला मागे उघडणारा फळका दिला, आणि स्टेपनी बाजूला हलवली. २०२१ मध्ये जीपने रँग्लरला कारखान्यातूनच ३५ इंची टायर द्यायला सुरुवात केली, तेव्हा नुसते पाच टायर बदलून मोकळे झाले नाहीत. गिअरचं प्रमाण बदललं, सस्पेन्शन उंच केलं आणि मागच्या दाराच्या बिजागरीला जादा आधार दिला. ज्यांनी ते दार डिझाइन केलं त्यांनाच मोठ्या स्टेपनीसाठी दार मजबूत करावंसं वाटतं. आणि आपण मात्र कंसाखाली दोन वायसर घालून समाधानी!

आता नेहमीचे युक्तिवाद.

"स्टेपनी फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जायला असते. कंपन्यासुद्धा छोटी स्टेपनी देतातच की." देतात, मान्य. पण ती रस्त्यावरच्या गाड्यांना, आणि वर ८० चा वेग ओलांडू नका असं स्टिकर लावून. अ‍ॅक्सल जखडून चिखलात जाणाऱ्या गाडीला नाही. आणि केळदला पंक्चरवाला पुढच्या चौकात नसतो.

"ट्यूबलेस आहे, किट आहे, स्टेपनीच काढून टाकू." जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला हे खरं. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. शहरात आणि हायवेवर ठीकच आहे. पण किटमधली वात खिळ्याच्या भोकाला चालते. साइडवॉलच्या चिरेला नाही.

"माझ्या मित्राची गाडी दोन वर्षं अशीच चालते आहे, काही झालं नाही." माझीही सहा महिने चालली होती. रंगावरची रेघ बघितली का, एवढंच मित्राला विचारा.

कायद्याचंही बोलून टाकू. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणजे प्रश्न पाचव्या टायरपासून नाही, पहिल्यापासूनच सुरू होतो. अपघातानंतर विमा कंपनीने त्यावर बोट ठेवलं, तर "सगळेच करतात" हे उत्तर चालणार नाही. हे माहीत असूनही करणार असाल, तर निदान पूर्ण करा.

पूर्ण म्हणजे काय? पाचही टायर एकाच मापाचे आणि एकाच जातीचे. रोटेशन पाचांचं करा, म्हणजे स्टेपनीही झिजते आणि फरक पडत नाही. दाराला बिजागरीपासून आधार देणारा सांगाडा घ्या, नाहीतर सरळ चासीला जोडलेला वेगळा झुलता हात, म्हणजे दार फक्त स्वतःचं वजन उचलेल. चाकामागची रबरं टायरला घट्ट टेकलेली हवीत, चाक हलता कामा नये. मोठ्या चाकामागे ब्रेकचा दिवा, कॅमेरा किंवा नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हे मागे उभं राहून बघा. नव्या रिमचे नट जुन्या रिमला बसतीलच असं नाही, तेही तपासा. जॅक पुरेसा उंच उठतो का, हे पार्किंगमध्ये बघा. आणि महत्त्वाचं, ते ४० किलोचं धूड उतरवून चढवता येतं का? तुम्हालाच नाही, तुमची बायको किंवा बहीण ती गाडी एकटीने चालवत असेल, तर तिलाही. 

या सगळ्याची बेरीज करा. आकडा बघून घाम फुटला तर एक स्वस्त आणि मस्त उपाय आहे: मूळ मापातच चांगले ऑल-टेरेन टायर घ्या. पाच. गाडी केळदला जाते, परतही येते. फोटोत थोडी कमी दिसते, एवढंच.

मी शेवटी तेच केलं. पत्र्याला वेल्डिंग झालं, बिजागरी बदलली, पाचही चाकं मूळ मापाची. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. तिथल्या एका दुकानात १९०४ च्या सुमारास हे जादा चाक जन्माला आलं. पुढचं गाव येईपर्यंत रस्त्यात अडकू नये, यासाठी. तेवढं जरी तिने केलं तरी भरून पावलो.

ताम्हिणीच्या त्या मित्राला हे सगळं सांगायचं होतं. चहा संपेपर्यंत तो निघून गेला. जाताना वळणावर त्याचं मागचं दार दिसलं. छोटी स्टेपनी, आणि वर मोठ्या अक्षरात स्टिकर: बॉर्न टू एक्स्प्लोर. असो. एक्स्प्लोर करून सुखरूप परत ये, बाबा.