फिलिप हार्ट कोण होते?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या किती मुलांना फिलिप हार्ट हे नाव ठाऊक असेल? हे मिशिगनचे सिनेटर; नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झालेले, स्वभावाने मृदू. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काचे विधेयक सिनेटमध्ये त्यांनीच पुढे रेटले. त्याच वर्षी स्थलांतराचा हार्ट-सेलर कायदा झाला. तोवर भारताचा कोटा होता वर्षाला अवघी १०० माणसे! माणूस कुठे जन्मला यावरून त्याची लायकी ठरवणारी ही पद्धत गेली, मर्यादा २०,००० झाली. रक्ताच्या नात्याला प्राधान्य मिळाले. नागरिक झालेल्या मुलाचे अम्मी-अब्बा तर मर्यादेबाहेरच. म्हणूनच एकामागून एक अख्खी घरे तिकडे गेली. मेक्सिकोसारख्या शेजाऱ्यांवर मात्र याच कायद्याने प्रथम संख्येचे बंधन आले.