बेटावरची माणसं आणि भिंतीवरचे फोटो

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त एका ईमेलचं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजने (तालुक्याच्या गावातलं आहे, नाव सांगत नाही) 'आमचे गौरवास्पद माजी विद्यार्थी' अशी एक भिंत करायची ठरवलीय आणि माझा फोटो मागवलाय. माझं कर्तृत्व काय, तर गेली बारा वर्षं न्यू जर्सीत नोकरी! बायको म्हणाली, "पाठव की, तो कोट घातलेला." पण का कोण जाणे, हात काही चालेना.

ऑफिसात हे एका ग्रीक मित्राला सांगितलं. त्याचे आजोबा किऑस बेटावरचे. तो हसायलाच लागला. म्हणे आमच्याकडे प्रत्येक बेटाची अशी यादी असते, आणि लंचला त्याने घडाघडा नावं म्हणून दाखवली. त्यातली तीन तर माझ्या रोजच्या आयुष्यात होती आणि मला पत्ताच नव्हता!

पहिलं नाव. कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये बायकांसाठी 'पॅप स्मिअर' असतं ना? मला वाटायचं कसलंतरी लघुरूप असेल. तर ते एका माणसाचं नाव निघालं. जॉर्ज पापानिकोलाउ, जन्म १८८३, एविया बेटावरचं किमी नावाचं गाव (अंतर नव्हे, गावाचंच नाव!). डॉक्टर झालेला, म्युनिकहून पीएचडी केलेला हा माणूस १९१३ साली बायकोबरोबर न्यूयॉर्कला उतरला आणि सुरुवातीला डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गालिचे विकायला उभा राहिला. पुढे कॉर्नेलमध्ये संशोधन. बायको आंद्रोमाखी त्याची सहकारी तर होतीच, पण वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने देणारीही तीच. १९२८ मध्ये त्याने सांगितलं की पेशी पाहून गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ओळखता येतो, तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४३ मध्ये ट्राउटबरोबर पुस्तक आल्यावर जग हललं.

दुसरं नाव तर थेट आपल्या शेतात पोचलेलं. माझ्या मामांच्या गोठ्यात कीटकनाशकाच्या डब्यांवर 'रॅलीज' वाचतच मी मोठा झालो. हे रॅली म्हणजे किऑसचं व्यापारी घराणं. १८२२ मध्ये ऑटोमन फौजांनी त्या बेटावर भयंकर कत्तल केली आणि वाचलेले लोक देशोदेशी पांगले. रॅली बंधूंनी लंडनमध्ये पेढी उभी केली, एकोणिसाव्या शतकात कलकत्ता आणि मुंबई गाठली आणि आपल्याकडचा कापूस विलायतेला पाठवला. पुढे कंपनी टाटांकडे गेली, नाव मात्र राहिलं.

तिसरा आपल्या धंद्यातला. जोसेफ सिफाकिस, जन्म १९४६, क्रीट बेटावरचं हेराक्लिओन. कॉलेज अथेन्सला, मग मुक्काम फ्रान्समध्ये ग्रेनोबलला. प्रोग्रॅम ज्या ज्या अवस्थांत जाऊ शकतो त्या सगळ्या पद्धतशीर तपासून 'इथे तो कधीच अडकणार नाही' हे सिद्ध करायचं, म्हणजे मॉडेल चेकिंग. अमेरिकेत क्लार्क आणि इमर्सन यांनी आणि फ्रान्समध्ये सिफाकिस यांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. तिघांना मिळून २००७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

आता माझा मुद्दा. या तिघांच्या कर्तृत्वात त्यांच्या बेटाचा वाटा नक्की किती? बेटाने जन्म दिला, भाषा दिली, कदाचित चिकाटीही दिली. पण प्रयोगशाळा न्यूयॉर्कने दिली, बाजारपेठ लंडनने दिली. यादीत मात्र 'आमचा माणूस' एवढंच उरतं. तो का गेला, हा प्रश्न यादी विचारतच नाही. कोणी जीव वाचवायला गेला, कोणी घरी काम नव्हतं म्हणून. गेले यात चूक काहीच नाही! गालिचे विकणाऱ्याला 'देश सोडला' म्हणून कोण बोल लावणार? पण त्यावरून बेटाने स्वतःची पाठ थोपटून घ्यावी, हे मला पटत नाही.

म्हणून मित्राच्या यादीतलं चौथं नाव मला सगळ्यात आवडलं. फोतिस काफातोस. तोही हेराक्लिओनचाच, जन्म १९४०. तिशीच्या आत हार्वर्डमध्ये प्रोफेसर. पण हा गडी हार्वर्ड सांभाळून क्रीट विद्यापीठात शिकवायला जाऊ लागला आणि १९८० च्या दशकात हेराक्लिओनला जीवशास्त्राची अव्वल संस्था उभारण्यात पुढे राहिला. पुढे युरोपियन रिसर्च कौन्सिलचा तो पहिला अध्यक्ष झाला, २०१७ मध्ये गेला. त्याची संस्था ज्या 'फोर्थ' नावाच्या केंद्राचा भाग आहे, तिथूनच ग्रीसचं डॉट जीआर डोमेन चालवतात. राजधानीतून नाही, बेटावरून! क्रीटच्या मुलाला आता संशोधन करायचं असेल तर बोट पकडावीच लागेल असं नाही. पकडली तर ती त्याच्या मर्जीने.

माझ्या मते यादीत आधी ही माणसं हवीत.

तुम्ही म्हणाल, काफातोस कुठे आणि तू कुठे! मान्य आहे. मी काही संस्था काढणार नाहीये, ईएमआय आहे डोक्यावर. पण कॉलेजला उत्तर लिहिलंय: फोटो सध्या राहू द्या. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दर शनिवारी एक तास ऑनलाइन टेस्टिंग शिकवायला तयार आहे, तुमच्या सोयीची वेळ कळवा.

पाठवून नऊ दिवस झाले, अजून उत्तर नाही. कदाचित त्यांना फोटोच हवा होता. :) सोमवारी फोन करून बघतो.

असो. मशीनमधले कपडे वाळत घालायचेत. भेटू पुढच्या विकेंडला.